ओळख पटत नाही

६ जानेवारी

ऑफिसनं माझी मेलची पेटी बंद केली. निवृत्त होऊन धड आठवडा झाला नाही. एवढी तत्परता मी नोकरीत असताना दाखवली असती तर ऑफिसचं कल्याण झालं असतं. आवक-जावक विभागात माझा जन्म गेला. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. माझा शिक्का पडल्याशिवाय साहेबाच्या बापालाही तो दिसायचा नाही. आणि आता माझ्याच नावाला आलेलं पत्र कुठे जाऊन पडत असेल, कोण जाणे.

बाकी कुणाच्या पत्राचं मला सोयरसुतक नाही. लेकीचं सांगतो आहे. ती माझा फोन उचलत नाही. आईशी बोलते, भरपूर बोलते. मी खोलीत शिरलो की ही फोन घेऊन गॅलरीत जाते. (ही म्हणजे माझी बायको. इतकी वर्षं 'ही' म्हणतो, वहीत तरी वेगळं काय म्हणणार.) लेक जाताना मला एवढंच म्हणाली होती, "बोलायला जमेल तेव्हा मी लिहीन, बाबा. तोपर्यंत फोन करू नका." मी केला, तिनं उचलला नाही. ठीक आहे. पण लिहिणार कुठे? तिच्याकडे माझा मेलचा एकच पत्ता, तो ऑफिसचा.

मेव्हणा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्याला विचारलं. म्हणाला, भावोजी, फुकट मेल मिळते, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, फुकट मिळतं ते आपलं नसतं. उद्या त्यांनीही दार लावून घेतलं तर? तो हसून म्हणाला, मग थाटा स्वतःचा सर्व्हर. तो गमतीनं बोलला. मी गमतीनं ऐकलं नाही.

११ जानेवारी

यंत्र आलं. मेव्हण्याच्या कॉलेजानं मोडीत काढलेलं. मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणि मोडीत काढलेला कारकून, छान जोडी जमली, असं म्हणून तो स्वतःच हसला. बायकोचा भाऊ, काय बोलणार.

ठेवायचं कुठे यावरून घरात थोडं झालं. लेकीची खोली रिकामी आहे, टेबलही आहे, तिथे ठेवू, असं मी म्हटलं. ही म्हणाली, "खोली रिकामी नाहीये. ती इथे नाहीये, एवढंच." मग यंत्र पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर बसलं. दिवसभर घुरघुरतं. येणारा-जाणारा विचारतो, हे काय. मी म्हणतो, सर्व्हर. पुढे कुणी विचारत नाही.

१९ जानेवारी

चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. जे हवं ते टाईप करून सांगायचं. एक टिंब चुकलं की यंत्र ऐकत नाही, आणि काय चुकलं तेही धड सांगत नाही. लोक याला वैतागतात म्हणे. मला तर आवडलं. अर्ज अपुरा, अर्ज परत. यात चूक काय आहे?

आज पहिलं पान बनवलं आणि उघडून पाहिलं तर पडद्यावर मोठ्या अक्षरात मनाई. माझं यंत्र, माझं पान आणि मलाच मनाई. दुपारभर डोकं खाजवलं, जेवण गार झालं, शेवटी नाक मुठीत धरून मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, फाईल तुमची आहे हो, पण ती लोकांना नेऊन दाखवतो तो वेब सर्व्हर. त्या बिचाऱ्याला वाचायची परवानगीच दिली नाहीत तुम्ही. तुम्हाला सगळंच कुलपात लागतं.

परवानगी दिली, पान उघडलं. "नमस्कार. काम चालू आहे." ही बघायला आली. म्हणाली, रस्ता खणतात तिथे अशीच पाटी असते. आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी

आमच्या आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतलं. आता जगात कुणीही आमचं आडनाव टाईप केलं की माझ्या चपलांच्या कपाटावर येऊन पोचेल. मेलच्या तीन पेट्या केल्या. एक माझी, एक हिची, एक लेकीची. लेकीची पेटी माहेरच्या आडनावाची. मेव्हण्यानं ते पाहिलं आणि नको तो विषय काढला. म्हणाला, भावोजी, पेटी कशाला, त्या वेळी खोली द्यायची होती.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. दारात कोण उभा होता? मी होतो. दीड वर्षापूर्वी सुटकेस घेऊन आली. नवऱ्याचं घर सोडलं म्हणाली. का, ते सांगेना. "मला तिथे राहायचं नाही," एवढंच. आता कारणाशिवायचा अर्ज कुठल्या ऑफिसात घेतात? मी म्हटलं, घर असं सोडायचं नसतं, चहा घे आणि आल्या वाटेनं परत जा. ओरडलो नाही, हात उगारला नाही. चांगल्या शब्दांत सांगितलं. माझ्या जागी कुठल्याही बापानं हेच सांगितलं असतं. ती चहा न घेता गेली. नवऱ्याकडे गेलीच नाही, भलत्याच शहरात जाऊन राहिली. हट्टी आहे. कुणावर गेली आहे, देव जाणे.

९ फेब्रुवारी

मेल येते, जात नाही. मेव्हण्याला दोन ओळी पाठवल्या, त्याच्या कॉलेजच्या सर्व्हरनं त्या परत पाठवल्या. कारण काय, तर माझं यंत्र स्वतःचं जे नाव सांगतं, ते त्याच्या इंटरनेटवरच्या नंबराशी जुळत नाही. नंबरावरून नाव शोधलं तर इंटरनेट कंपनीचं कुठलंतरी लांबलचक नाव निघतं. म्हणून मी संशयित. सभ्य माणसाचं पत्र, मजकूर न वाचता, नुसतं नाव जुळत नाही म्हणून परत करायचं ही काय रीत झाली? मेव्हणा म्हणतो, जगभर असंच चालतं, चोर फार झालेत.

कंपनीच्या कचेरीत जाऊन बसलो. खिडकीमागच्या बाईला माझं म्हणणं कळेना. चार वेळा सांगितलं. शेवटी आतून एक तंत्रज्ञ आला, त्यानं ऐकलं आणि वहीत टिपून घेतलं. बघू.

१५ फेब्रुवारी

जमलं. मेल जाते आणि येते. मेव्हण्यानं उत्तरात लिहिलं, "अभिनंदन. आता तुम्ही स्वतःचे पोस्टमास्तर." मी ते हिला वाचून दाखवलं.

दुपारी ही गॅलरीत लेकीशी बोलत होती. माझा नवा पत्ता एकेक अक्षर सुटं करून सांगत होती, आणि म्हणत होती, "तुझ्यासाठीच खटाटोप चाललाय त्यांचा. तोंडानं म्हणणार नाहीत. तू लिही." मी मुद्दाम ऐकत नव्हतो, दार उघडं होतं.

तुझ्यासाठीच, असं काही नाही. मलाही वेळ घालवायला काहीतरी हवंच होतं. पण आता रोज उठल्या उठल्या आधी पेटी बघतो.

२२ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्याचं पान आणि मेल आता माझ्या यंत्रावर. मला काका म्हणतो. माझी दाढ फुकट भरून देईन म्हणाला. लेकीचं अजून काही नाही. हिला विचारलं तर म्हणाली, लिहील हो, मनाची तयारी व्हायला वेळ लागतो.

२७ फेब्रुवारी

तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

सकाळपासून यंत्र धापा टाकत होतं. बघतो तर हजारो मेल बाहेर चाललेल्या. माझ्या नाहीत, डॉक्टरच्या नाहीत. कसल्याशा गोळ्यांच्या जाहिराती, लॉटऱ्या, घाणेरडी चित्रं. माझ्या यंत्रातून, माझ्या आडनावाच्या शिक्क्यानं. मेव्हणा धावत आला. कोणाच्या मेल पुढे पाठवायच्या ते ठरवणारी जी ओळ असते, ती मी इतकी सैल लिहिली होती की जगातला कुठलाही चोर आत येऊन माझ्या पाकिटातून आपली पत्रं पाठवू शकत होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मेव्हणा एरवी टोमणे मारतो, आज मारला नाही, त्यावरून कळलं की प्रकरण गंभीर आहे.

सगळ्यांच्या काळ्या यादीत माझा नंबर गेला. आता माझी मेल कुठेच घेत नाहीत. इतकी वर्षं माझ्या टेबलावरून एक खोटा कागद आत गेला नाही. आणि निवृत्त झाल्यावर हे.

८ मार्च

काळ्या यादीतून नाव काढून घ्यायला सगळ्यांचे पाय धरले. निघालं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. आता मी मेल सर्व्हरला आवक-जावकची शिस्त लावली आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नंबर जुळला पाहिजे. नाही जुळला तर परत.

यात एक गंमत कळली. परत पाठवायचे दोन प्रकार असतात. एक, "आत्ता नाही, थोड्या वेळानं या." मग पलीकडचं यंत्र पुन्हा पुन्हा येत राहतं. दुसरा, कायमचा नकार. पलीकडचं यंत्र खेटे घालत नाही, पत्र लिहिणाऱ्याला परत देऊन मोकळं होतं. यंत्र आपणहून पहिला प्रकार वापरतं. मी बदलून दुसरा लावला. "नंतर या" म्हणणं हा ऑफिसातला सगळ्यात मोठा रोग आहे. नाही तर नाही, तोंडावर सांगावं.

मेव्हणा म्हणाला, भावोजी, थोडं सैल ठेवा. बरीच छोटी दुकानं, छोटी ऑफिसं, त्यांची नावं नीट लावलेली नसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. मी म्हटलं, तुझ्या कॉलेजनं मला परत पाठवलं तेव्हा हे कुठे होतं?

नकाराबरोबर आपलं एखादं वाक्यही जोडता येतं. मूळचं इंग्रजीत होतं, रुक्ष, कुणाला काही कळू नये असं. ते काढून माझं घातलं. यंत्र तिथे देवनागरी घेत नाही, म्हणून रोमन अक्षरांत, पण आपल्या भाषेत. "तुमची ओळख पटत नाही. आल्या वाटेनं परत जा. पुन्हा येऊ नका." सुटसुटीत झालं आहे. ऑफिसात माझे शेरे प्रसिद्ध होते. साहेब म्हणायचे, तुमचा शेरा वाचला की माणूस पुन्हा जिना चढत नाही.

१४ मार्च

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. सकाळी चहा घेत यंत्राचा आकडा पाहिला, रात्रीपासून कितीतरी चोर दारातूनच परत गेलेत. आत एकही नाही. मेव्हण्याला कळवलं.

संध्याकाळी हिनं आपणहून विचारलं, "काही आलं का आज मेलमध्ये?" ही असं कधी विचारत नाही. मी म्हटलं, काही नाही, नुसते चोर, सगळे हाकलून दिले. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सगळे?" मी म्हटलं, सगळे. मग उठून आत गेली. या बायकांना तंत्राची गोडी लागायला वेळ लागतो, पण लागते.

१७ मार्च

हिचं काहीतरी बिनसलं आहे. परवा फोनवर बराच वेळ गॅलरीत होती. आत आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर "काही नाही." त्या दिवसापासून बोलणं फक्त कामापुरतं. जेवायला या. दार लावा. काल उशी उचलून लेकीच्या खोलीत झोपायला गेली. यंत्राची घुरघुर सहन होत नाही म्हणाली. खरं तर त्या खोलीला पॅसेज जास्त जवळ आहे. यंत्राचा पंखा साफ करून घ्यायला हवा.

२९ मार्च

लेकीचं अजून काही नाही. आज मी हिला म्हटलं, पत्ता देऊन दीड महिना होत आला, दोन ओळी लिहायला काय हरकत आहे तिला? मी एवढं सगळं उभं केलं, त्याची काही किंमत?

हिनं हातातलं काम थांबवलं. म्हणाली, "तुम्हाला तिला काही सांगायचं आहे का? असेल तर मला सांगा, मी सांगते."

मी म्हटलं, "मी काय सांगू? तिनं आधी लिहावं. माझं दार उघडं आहे."

"उघडं आहे?"

"चोवीस तास चालू असतं. जाऊन बघ की."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. आई आणि लेक, दोघींचा स्वभाव एक. बोलायचं नाही आणि समोरच्यानं ओळखायचं.

५ एप्रिल

ही बहिणीकडे गेली. आठ-दहा दिवस राहणार. बहिणीचे गुडघे दुखतात, मदतीला कुणी नाही म्हणे. बॅग भरताना पाहिलं, थर्मास घेतला, जुन्या मऊ सुती चादरी घेतल्या, लेकीचा बटणांचा सैल गाऊन घेतला. मी म्हटलं, बहिणीकडे काय थर्मास नाही? म्हणाली, त्यांचा फुटला. गाऊनचं विचारायचं होतं, पण रिक्षा आली.

मी स्टेशनवर येतो म्हटलं तर नको म्हणाली.

८ एप्रिल

घर खायला उठतं. वरण-भात जमतो, भाजी जमत नाही. डॉक्टरनं खालून डबा पाठवला, भला माणूस आहे. दिवसातून दहा वेळा मेल बघतो. यंत्र ठणठणीत आहे. वेब सर्व्हरला कुलूप-किल्लीचं प्रमाणपत्र लावलं, ते आपोआप नवं होईल अशी सोयही केली. पेटी रिकामी. कधी कधी वाटतं यंत्रच बिघडलं असेल. मग मेव्हण्याला सांगून त्याच्याकडून एक मेल मागवतो. ती टुणकन येते.

१० एप्रिल

मेव्हणीचा फोन आला. म्हणाली, भावोजी, ताईला द्या जरा. मी चक्रावलोच. म्हटलं, अहो, ती तुमच्याकडेच आहे ना? तर ती गडबडली. मग म्हणाली, "हो हो, आहे ना, इथेच आहे, बाहेर गेली आहे, मी विसरलेच." आणि ठेवून दिला.

समोर वावरणारी बहीण विसरते म्हणजे काय. वय झालं की असं होतं. हिला सांगायला हवं, एकदा डॉक्टरला दाखवा.

१६ एप्रिल

ही आली. वाळली आहे. म्हटलं, काय, बहिणीनं उपाशी ठेवलं का? नुसती हसली, तेही ओठांनी. बॅगेला औषधांचा वास येत होता. गुडघ्याचं तेल सांडलं असेल. मेव्हणीच्या विसरण्याचं सांगितलं तर म्हणाली, "बरं." आंघोळ करून लेकीच्या खोलीत जाऊन झोपली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी चहा करून दाराशी ठेवला. तसाच राहिला.

२४ एप्रिल

आज जे झालं ते कसं लिहू, कळत नाही. पण लिहितो.

दुपारी डॉक्टर वर आला. कधी नव्हे तो चिडलेला. त्याच्या एका रुग्णाची मेल परत गेली होती. रुग्णानं परत आलेला मजकूर फोनवर आणून दाखवला, म्हणाला, डॉक्टर, दाढ सुजली म्हणून तुम्हाला लिहिलं, तर तुम्ही मला पुन्हा येऊ नका म्हणता? "त्याला वाटलं, मीच लिहिलंय, काका," डॉक्टर म्हणाला. फोनवर माझं वाक्य होतं. रोमन अक्षरांत, जसंच्या तसं. दुसऱ्याच्या हातात ते वाचताना वेगळं वाटलं. मी माफी मागितली, नियम सैल करतो म्हटलं.

डॉक्टर गेल्यावर म्हटलं, आणखी कोण कोण परत गेलं ते पाहावं. यंत्र लॉग ठेवतं. ती त्याची आवक-जावक. कोण आलं, कुठून आलं, आत घेतलं की परत पाठवलं. मजकूर त्यात नसतो. चोरच जास्त होते, हे खरं. मधूनच एखादी शाळा, एखादं गॅरेज. मेव्हण्याचं बरोबर होतं. मी खालून वर, जुन्याकडे बघत चाललो होतो.

१४ मार्चची सकाळ. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात लेकीचं नाव. त्यापुढे आडनाव, नवऱ्याचं नाही, माझं. त्यापुढे कुठल्याशा चष्म्याच्या दुकानाचं डोमेन. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, हे मला माहीतच नव्हतं. दुकानाच्या यंत्राचं नाव आणि नंबर जुळत नव्हते. म्हणून परत. कायमचं परत. आणि खाली माझं वाक्य.

त्यानंतर तिचं नाव लॉगमध्ये कुठेही नाही. शेवटापर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

त्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते या वहीत मागे जाऊन वाचलं. शांत झोप लागली, चहा घेतला. नको होतं वाचायला. चपलांच्या कपाटाशी उभा राहून मी रडलो. ही बाजारात गेली होती, म्हणून बरं.

२५ एप्रिल

हिला सांगितलं. ती खाली विळीवर बसून भाजी चिरत होती. मी म्हटलं, तिचं पत्र आलं होतं गं, मार्चमध्ये. यंत्रानं दारातूनच परत पाठवलं. मला काल कळलं.

विळीवरचा हात थांबला नाही. "मला माहीत आहे. तिनं फोनवर वाचून दाखवलं होतं."

"काय वाचून दाखवलं?"

"तुम्ही जे लिहिलं ते."

मी सांगायला लागलो की मी तिला काही लिहिलं नाही, ते यंत्राचं आपोआप जाणारं उत्तर असतं, नाव जुळलं नाही की कुणालाही तेच जातं, डॉक्टरच्या रुग्णालाही गेलं. तिनं विळी आडवी केली आणि माझ्याकडे वळली.

"यंत्राला ते वाक्य कुणी शिकवलं?"

मी स्टूल ओढून बसलो.

मग म्हटलं, तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, विचारलं होतं की तुम्हाला. काही आलं का, तर म्हणालात सगळे हाकलले. नंतर पुन्हा विचारलं, तर म्हणालात दार उघडं आहे. मला वाटलं, हा माणूस पोरीला असं लिहून वर मला असं सांगतो, याच्याशी आता काय बोलायचं.

पत्रात काय होतं, ते विचारायला धीर होत नव्हता. तिनंच सांगितलं. लेकीच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं. तिनं लिहिलं होतं की बाबा, आधीचे आठ दिवस घरी येऊ का, एकटीला भीती वाटते. ही बहिणीकडे गेलीच नव्हती, तिकडे दवाखान्यात होती. गाठ साधी निघाली. आता बरी आहे, कामावरही जाते.

हे सगळं ती हळू आवाजात, पुन्हा विळी उभी करून भाजी चिरता चिरता बोलली. मी स्टुलावर बसून राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि ते तिला सांगावं की नाही, तेही कळलं नाही.

२६ एप्रिल

सकाळी उठून आधी ते वाक्य काढलं. नियम सैल केला. मग हिला म्हटलं, तिला सांग की मी लिहिलं नव्हतं. घरी ये म्हणावं. ही म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." आणि स्वतःच्या फोनवरून नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. लेकीनं उचलला. "बोल, आई."

मी म्हटलं, "मी आहे."

तिनं फोन ठेवला नाही. मग मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. फेब्रुवारीत चोर कसे शिरले, काळी यादी काय असते, म्हणून नियम कडक कसा केला. नाव आणि नंबर जुळणं म्हणजे काय, तिच्या दुकानाच्या यंत्राचं नाव चुकीचं कसं लागलं आहे. ते वाक्य सगळ्यांसाठी होतं, खास तिच्यासाठी नव्हतं. आता काढलं आहे. तिच्या मालकाला सांगून इंटरनेट कंपनीकडून नाव दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर इतर ठिकाणीही असंच होईल, हेही सांगितलं. मध्ये तिचा आवाज येईना, म्हणून हॅलो म्हटलं. "ऐकतेय," ती म्हणाली.

सगळं सांगून झालं. मग ती म्हणाली, "बाबा, आणखी काही?"

मी म्हटलं, "नाही. एवढंच."

"बरं. ठेवते."

ही समोर उभी होती. तिनं हात पुढे केला, मी फोन दिला. ती लेकीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

ये म्हणायचं राहिलं. कशी आहेस, तेही विचारायचं राहिलं.